मामीच्या चिठ्ठ्या

माझे मामा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. निम्मं शहर त्यांच्या जिवावर पेपर वाचायचं, आणि स्वतः मामांना वाचता येत नव्हतं. आकडे तेवढे यायचे, नंबरच्या कामापुरते. लहानपणी गुरुजींनी उभं करून धडा वाचायला लावला, सगळा वर्ग हसला, तेव्हापासून अक्षरं दिसली की त्यांना घाम फुटायचा. मामीला तीस वर्षं याचा पत्ता नव्हता. "काचा घासून डोळे शिणलेत, तूच वाच," म्हणून मामा वेळ मारून न्यायचे. मला ठाऊक होतं, पण मीही तोंड उघडलं नाही.

मग मामीला झटका आला आणि तिचं बोलणं गेलं. हात शाबूत होता, ती चिठ्ठ्या लिहू लागली. मामा चिठ्ठीकडे बघत "हो हो" म्हणायचे आणि ती डब्यात ठेवून द्यायचे. एकदा चिठ्ठी ओझरती माझ्या नजरेस पडली, तिने पाणी मागितलं होतं आणि हे खिडकी उघडत होते.

माझं डोकंच फिरलं. "सांगून टाका तिला! नाहीतर मी वाचते."

"नवराबायकोचं बोलणं तू वाचणार? आणि या वयात तिला काय सांगू, अडाण्याशी संसार केलास म्हणून?"

कुणीतरी संमोहनाचे डॉक्टर सुचवले. मला ते थोतांड वाटलं. मामा मात्र रोज पाच ते सहा जाऊ लागले, घरी जादा कामाची थाप मारून. एकदा मीही गेले. ओढलेले पडदे, आरामखुर्ची, डॉक्टरांचा संथ आवाज. "श्वास सोडा. वर्ग रिकामा आहे. कुणी हसत नाही. अक्षरं जागच्या जागी आहेत." मग त्याच शांतपणात पहिलीचं पुस्तक.

दुसऱ्या महिन्यात मामांनी रस्त्यावरची एक पाटी वाचली. 'रंगकाम'. तिथेच माझा हात धरून रडले. "आठवडाभरात तिच्या चिठ्ठ्या वाचेन बघ!"

चौथ्या दिवशी मामी गेली. साडेपाच वाजले होते, जवळ फक्त शेजारीण होती.

महिन्याने मामा डबा घेऊन बसले. बोट ठेवून, श्वास सोडत, एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचू लागले. "पाणी." "पाय दुखतात." मग, "रोज संध्याकाळी कुठे जाता? जाऊ नका. एकटीला भीती वाटते."

तशा अजून अकरा निघाल्या.

"बरोबर वाचलं ना गं?" मामांनी विचारलं.

खोटं बोलावंसं फार वाटलं. "हो मामा," मी म्हटलं, "बरोबर वाचलंत."