पेटीतला कागद

शेजारचे काका ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मोजकंच बोलणारे. मुलगा जर्मनीला गेला आणि त्याचं पाळीव सापाचं पिल्लू काकांच्या गळ्यात पडलं. काका सापाला घाबरत. तरी रोज चिमट्याने काचेच्या पेटीतला घाण कागद काढून नवा अंथरत. संध्याकाळी मुलाचा फोन यायचा, स्पीकरवर.

"शी केली का त्याने?"

"केली. घट्ट होती."

बापलेकांचं बोलणं एवढंच. मला आधी हसू यायचं.

परवा पिल्लू मेलं. आम्ही दोघांनी ते अंगणात पुरलं. हात धूत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"केली," काका रिकाम्या पेटीकडे बघत म्हणाले. "घट्ट होती."

"लक्ष ठेवा, बाबा. उद्या परत विचारतो."

"विचार," काका म्हणाले, आणि पेटीत नवा कागद अंथरू लागले.