दादाची अळंबी आणि पाण्याखालचं गाव

वहिनीचा फोन आला तेव्हा मी जुन्नरला आमच्या गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. "वन्सं, तुमचे दादा गावाला गेलते..." एवढंच ती बोलली. मागे बायकांचा रडण्याचा आवाज येत होता. कुठल्या गावाला, हे मला विचारावं लागलं नाही. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, घोड नदीच्या काठी आमचं गाव होतं. धरण झालं आणि ते पाण्याखाली गेलं. वर्षाचे बहुतेक महिने तिथं नुसतं पाणी असतं. मे महिन्यात धरण आटलं, की घरांची जोती, देवळाचा चौथरा आणि विहिरीचं तोंड गाळातून वर येतं. त्याच वेळी दादा दरवर्षी एक दिवस तिकडे जायचा. या वर्षीही गेला आणि आमच्या जुन्या घराच्या जोत्यावरच त्यानं जीव सोडला. वरच्या वाडीतल्या एका म्हातारबांना तो बसल्या जागी कलंडलेला दिसला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. पण दहाव्याला आलेल्यांपैकी दोघातिघांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलंच, "ताई, त्यानं ते खाल्लं व्हतं का?" मी तेव्हा विषय बदलला. पण ते 'ते' काय होतं आणि माझ्या भावाच्या आयुष्यात ते कसं आलं, हे एकदा नीट सांगितलं पाहिजे, असं गेले काही आठवडे मनात घोळतंय. आता त्याला कुणी पकडून नेणार नाही आणि ज्यांनी बोलायचं ते बोलतातच आहेत.

दादाचं नाव किसन. माझ्याहून पुष्कळ मोठा. वडील लवकर गेल्यामुळं मला शाळेत घालणारा, माझी वेणी घालायला शिकलेला, माझ्या लग्नात मांडवामागे जाऊन रडलेला, असा तो भाऊ. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गाव उठलं. आम्हाला पूर्वेकडच्या सपाट मुलखात वसाहतीत प्लॉट मिळाला, बदली जमीन मात्र कागदावर बरीच वर्षं अडकून राहिली. भात आणि नाचणी पिकवणारा माणूस, हाताला शेत नाही, म्हणून दादा पुण्याच्या बाजूला एका मशरूम कंपनीत कामाला लागला. तिथून कंपनीनं त्याला कोडाईकनालच्या शेडवर पाठवलं. डोंगर, धुकं, सतत पाऊस... फोनवर म्हणायचा, "सुमे, हितं समदं आपल्यासारखं हाय. फकस्त भाषा कळत न्हाई."

तिथल्याच एका सोबत्यानं त्याला गायरानात उगवणारी नशेची अळंबी दाखवली. आपल्याकडे लहानपणी आम्ही पावसाळ्यात रानातून अळंबी गोळा करून आणत असू आणि आमची आये एकेक निरखून विषारी बाजूला टाकत असे. त्यामुळं कुठली खावी आणि कुठली नाही, याची भीती दादाच्या अंगात मुरलेली होती. तरीही त्यानं ती खाल्ली. का खाल्लीस, असं मी पुढे एकदा विचारलं तर म्हणाला, "घरची लई सय आली व्हती. दारू प्यायलो असतो, त्याच्याऐवजी ही खाल्ली." त्या दिवशी धुक्यात एका निलगिरीला टेकून बसला असताना त्याला शिजणाऱ्या रायभोग तांदळाचा वास आला. मग भाताची खाचरं दिसली आणि खाचरांच्या बांधावरून चालत येणारे आमचे वडील दिसले. वडिलांनी त्याला नावानं हाक मारली. हे मला सांगताना त्याचा आवाज इतका साधा होता, जणू कुणी भेटून गेल्याचं सांगतोय.

दोनेक वर्षांनी तो नोकरी सोडून परत आला आणि वसाहतीतल्या घराच्या मागे त्यानं एक अंधारी खोली बांधली. भिंतींना ओली गोणपाटं, छताला टांगलेल्या पेंढ्याच्या पिशव्या आणि त्या पिशव्यांच्या भोकांतून बाहेर आलेले धिंगरी अळंबीचे पांढरे घोस. वसाहतीतले लोक बघायला यायचे आणि नाक मुरडून जायचे. पहिला माल घेऊन तो ओझरला एका हॉटेलवाल्याकडे गेला, तर त्यानं विचारलं, "राव, हे मटणात तर धरत नाय ना? हितं गणपतीचं गाव हाय." दादानं तिथंच त्याच्या तव्यावर कांदा टाकून चार तुकडे परतून त्याला खायला घातले. त्यानंतर नारायणगाव, जुन्नर, ओझर असा त्याचा मोटरसायकलवर फेरा सुरू झाला. 'मशरूमवाला किसन' म्हणून लोक ओळखू लागले. बदली जमीन मिळाली तेव्हाही त्यानं खोली सोडली नाही. "ह्या पिकाला रान लागत न्हाई, कोण काढून बी घीत न्हाई," असं म्हणायचा.

त्याच खोलीच्या कोपऱ्यात, पिशव्यांच्या आड, एका फळीवर काचेच्या काही बरण्या होत्या. त्यांच्यात कोडाईकनालहून आणलेल्या बियाण्याची अळंबी वाढत होती, बारीक देठाची आणि तपकिरी टोपीची. बोट लावलं की तिथं निळसर डाग उमटायचा. ती विकण्यासाठी नव्हती. कधीतरी, दोनतीन महिन्यांतून एकदा, कामं आटोपली की दुपारी दादा ती थोडी खायचा आणि ओट्यावर घोंगडी टाकून पडायचा. हा गुन्हा आहे हे मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. मी एका रविवारी अचानक गेले तेव्हा तो असा पडलेला होता. डोळे मिटलेले, चेहरा उजळलेला, आणि ओठांतल्या ओठांत तो आमच्या खाचरांची नावं घेत होता... लांबोडी, वडाचं, खालची टेप... जी नावं आता सात-बाऱ्यावरही उरली नाहीत. मी रागावूनच गेले होते, पण ती नावं ऐकल्यावर त्याच्या उशाशी बसून राहिले.

आमची आये शेजारीच भिंतीला टेकून बसलेली असायची. वसाहतीत आल्यापासून ती फारशी बोलत नसे. सकाळी ओट्यावर येऊन पश्चिमेकडे तोंड करून बसायची आणि ऊन फिरलं की आत जायची. दादा अशा वेळी काय काय पुटपुटतो, हे तिनं कित्येकदा ऐकलं होतं. एक दिवस तिनं त्याला सरळ विचारलं.

"तू गावाला जातूस व्हय रं?"

"जातो, आये."

"मंग मला बी ने."

दादानं नाही म्हटलं. वहिनी तर संतापली. मीही आयेला समजावलं, की हे औषध नाही, नशा आहे, तुझ्या वयाला झेपणार नाही. तिचं एकच उत्तर, "बिघडून बिघडून माजं आता काय बिघडनार हाय?" तिनं जेवण कमी केलं. आग्रह केला तर म्हणायची, "भूक न्हाई." तिला बाकी कसलीच इच्छा उरली नव्हती, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. शेवटी संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मी आलेली असताना दादानं नखाएवढा तुकडा गुळात घालून तिला दिला. त्या दिवशी त्यानं स्वतः काही खाल्लं नाही. मी तिचं मनगट धरून बसले.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग आयेनं फरशीवरून तळहात फिरवला आणि म्हणाली, "सारवान अजून वलं हाय गं." फरशी शहाबादी होती. तिनं वर हात करून शिंकाळं चाचपलं. चुलीवरचं झाकण काढावं तसं काहीतरी अलगद उचललं, आत डोकावलं आणि हसली. मी तिला असं हसताना लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. दादा तिच्या पायाशी बसून विचारत होता, "आये, दार उघडं हाय का? गोठ्यात कोण हाय?" ती आधी उत्तरं देत होती. मग गप्प झाली आणि मान वळवून इकडे तिकडे बघू लागली. तिनं शेजारणींना नावानं हाका मारल्या. आमच्या वडिलांना हाक मारली, नाव न घेता, "अवं..." म्हणून. आणि मग तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहायला लागलं. संध्याकाळपर्यंत ती तशीच माझ्या मांडीवर पडून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ती आपणहून बोलली. "घर जागच्या जागी व्हतं. चूल पेटलेली व्हती. पर मानूस एक नव्हतं गं. मी लई हाका मारल्या." आणि बशी खाली ठेवत म्हणाली, "आता न्हाई जायाचं मला." त्या दिवसापासून ती ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसू लागली. येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायची, नातीच्या वेण्या घालायची. वरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारी रुळली. पण मला तिच्याकडे बघवत नसे. तिनं काहीतरी सोडून दिलं होतं. पुढच्या भातलावणीच्या आधी ती झोपेतच गेली.

दादानं हे मनाला लावून घेतलं. "तिला मी रिकामं गाव दावलं, सुमे," असं तो मला कितीदा म्हणाला. मी म्हणायचे, तिला शेवटचं घर तरी दिसलं. त्याला ते पटत नसे. आयेच्या माघारी त्यानं ती अळंबी जास्त वेळा खायला सुरुवात केली. तिला तिथं गाठून, माणसं आहेत गं, असं त्याला सांगायचं होतं की काय, कोण जाणे. आणि मग ती दुपार आली. एप्रिलचं ऊन होतं. दादा एकाएकी ओट्यावरून उठला आणि "पाणी आलं, पाणी आलं, वर चला" म्हणून ओरडत सुटला. त्यानं अंगणात खेळणाऱ्या मनीला, आपल्या धाकट्या लेकीला, उचललं आणि शिडीनं पत्र्यावर नेऊन उभं केलं. खाली कोरडं ठाक अंगण, त्यात जमलेली वसाहत, आणि वर तापलेल्या पत्र्यावर लेकीला घट्ट धरून उभा असलेला माझा भाऊ, जो खरोखर पाणी चढताना बघत होता. वहिनीनं वर चढून मनीला ओढून घेतलं. पोरीचे दोन्ही तळपाय भाजले होते.

मी पोचले तेव्हा तो शुद्धीवर आला होता आणि मनीचे पाय मांडीवर घेऊन कोरफडीचा गर लावत होता. पोरगी त्यालाच समजावत होती, "आता दुखत न्हाई, पप्पा." वहिनी दारात उभी होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "तुमचं गाव बुडालं, त्यात आमाला नका बुडवू." दादा गर लावत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं त्या बरण्या परसात खड्डा करून पुरल्या, वर चुना टाकला, आणि खोली घासून घासून धुतली. त्यानंतर तिथं फक्त धिंगरी उगवली. मनीच्या पायांचे फोड बरे झाले, ती मोठी झाली, कॉलेजात गेली. बाप-लेकीत त्या दुपारचा विषय कधी निघाला नाही. आणि त्याच उन्हाळ्यापासून दादा, धरण आटलं की, स्वतःच्या पायांनी गावाला जाऊ लागला. सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा. काय करतोस तिथं, विचारलं तर म्हणायचा, "बसतो जरा."

दहाव्यानंतर मी आणि वहिनी तिकडे गेलो. घोडेगाव सोडून पुढे, डांबरी रस्ता संपल्यावर वाडीतले ते म्हातारबा आम्हाला खाली घेऊन गेले. गाळ वाळून भेगाळला होता. त्यांच्या म्हशी पाण्याच्या कडेला चरत होत्या. मी त्यांना सरळच विचारलं, "बाबा, त्या दिवशी दादा शुद्धीत होता का?"

"व्हता की. माज्या संगट ताक प्याला. माज्या म्हशीला नावानं हाक मारली. पोरीचं लगीन जमतंय म्हनला. लई खुशीत व्हता." मग त्यांनी जोत्याकडे बोट केलं. "दरसाली येतूय त्यो. येताना खराटा घिऊन येतूय आन् समदं घर झाडतूय. एकदा म्या म्हनलं, पावणं, म्हयन्याभरात पानी यील, कशापायी झाडताय? तर म्हनला, घर हाय त्ये. झाडाय नको?"

वहिनीनं तोंडाला पदर लावला. तिलाही हे माहीत नव्हतं. घरातला खराटा दरवर्षी उन्हाळ्यात एक दिवस कुठं जातो, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

आम्ही जोत्यावर चढलो. सोप्याची जागा, माजघर, आयेची कोठी... सगळीकडचा गाळ झाडून कडेला लोटलेला होता आणि खालचे दगड दिसत होते. उरलेल्या धुळीवर खराट्याचे ओरखडे तसेच होते, एकाला एक लागून, सरळ. चुलीच्या कोपऱ्याशी येऊन ते थांबले होते. पुढे हातभर जागेवर गाळ तसाच होता आणि खराटा तिथंच पडलेला होता. म्हातारबा म्हणाले, "न्हेताना त्येच्याकडं कुनाचं ध्यान गेलं न्हाई."

आता जुलै लागलाय. धरणात पाणी चढतंय आणि आमचं घर एव्हाना पुन्हा खाली गेलं असेल. पण त्या दुपारी ते वर होतं. मी खराटा उचलला. वहिनी म्हणाली, "द्या हिकडं, वन्सं." मी म्हटलं, "आपण दोघी झाडू." आणि आम्ही दोघींनी चुलीचा कोपरा झाडून काढला.