ब्लूबेरीला राखेचा खुराक

करवंदं, जांभळं सोडून ज्याला ब्लूबेरी खावीशी वाटते त्याच्या जिभेतच काहीतरी खोट असणार, असं माझं ठाम मत होतं. मे महिन्यात आरेच्या रस्त्याला बायका करवंदांचे द्रोण घेऊन बसतात. आणि आमच्या हिने बोरिवलीत, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये, ब्लूबेरीचं झाड मागवून ठेवलं. झाड कसलं, गुडघ्याएवढी काटकी. बुटकी जात म्हणे, कुंडीत येते.

हे सगळं नातीसाठी. लेकीबरोबर परदेशात असते, सहा वर्षांची आहे. मागच्या खेपेला तिने आजीच्या हातचं काही म्हणजे काही खाल्लं नाही. घावन बघून तोंड फिरवलं, सोलकढी थुंकली. प्लास्टिकच्या डबीतल्या ब्लूबेरी तेवढ्या खायची. ती गेल्यावर ही दोन दिवस धड जेवली नव्हती. मग व्हिडिओ कॉलवर तिने नातीला कबूल केलं, "पुढच्या वेळी आजीच्या झाडावरच्या खायच्या हं, आपल्या हाताने तोडून."

झालं. काटकीचे लाड सुरू झाले. तिला आंबट माती लागते म्हणे.

"आंबट आहे हे कसं कळतं गो? चाखून बघतेस?" मी विचारलं.

"अहो, तो कागद वाचा जरा," ती म्हणाली.

झाडाबरोबर आलेला कागद तिने फ्रिजवर चिकटवला होता. कोकणातल्या माणसाने झाड वाढवायला कागद वाचायचा? मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाईसाहेबांना नळाचं पाणी सोसत नाही, म्हणून त्यात लिंबू पिळायचं. दुपारचं ऊन सोसत नाही, म्हणून माझी लुंगी ओली करून ग्रिलवर टाकायची. माझ्या तापात कपाळावरची पट्टी इतक्या वेळा बदलली नसेल. शेजारीण फोटो काढून "झकास हं काकू" म्हणायची, आणि मी सोफ्यावरून ऐकवायचो, "आंधळ्या बहिऱ्यांची गाठ पडलीय. हिला झाड कळत नाही नि झाडाला मुंबई."

तरी फेब्रुवारीत पांढरी फुलं आली. मागाहून हिरव्या बारीक गोळ्या धरल्या. नऊ. रोज सकाळी चहाआधी मी त्या बघून यायचो, आणि हे तिला कळू देत नव्हतो. लोभ जडला होता, सरळ सांगतो. नात यायच्या आत त्या टपोऱ्या व्हाव्यात असं मलाही वाटत होतं.

आमच्या गावी माडाच्या, केळीच्या बुंध्यात चुलीतली राख घालतात. गावाहून येताना मी दर वर्षी एक पिशवी घेऊन येतो. ही भजनाला गेलेली बघून मी कुंडीत दोन मुठी राख मिसळली. पुढच्या आठवड्यात आणखी दोन. म्हटलं, लिंबूपाण्यावर कोण पोसतं? या शिष्टाला जरा कोकणी खुराक मिळू दे.

पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. गोळ्या सुरकुतल्या नि एकेक करून गळल्या. तिने लिंबू वाढवलं, कुंडी सावलीत सरकवली, एका दुपारी ग्रिलपाशी बसून रडली. त्या दिवशी मी पहिल्यांदा फ्रिजवरचा कागद वाचला. राख आणि चुना चुकूनही घालू नये, असं त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

नात आली ती चपला न काढताच ग्रिलकडे धावली. कुंडीत सुकलेल्या काड्या होत्या, हिला त्या टाकवल्या नव्हत्या.

"आजी, ब्लूबेरीज कुठेत?"

ही गुडघे धरत तिच्याशेजारी खाली बसली. "गेलं गं बाळा झाड. आजीला नाही जमलं."

पोरीने क्षणभर काड्यांकडे पाहिलं आणि आईकडे डबी मागायला निघून गेली.

मी सोफ्यावर होतो, चार पावलांवर. ही उठली, पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "तुम्ही म्हणत होता तेच खरं. मला मेलीला काही कळत नाही."

मी मान डोलावली.