रविवारचा पाव फेरा

झाड घरात आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तारकाकांनी त्याला दातांची तार बांधली, आणि पुढे जे काही वाटोळं झालं त्याचा पाया तिथेच घातला गेला.

तार साधीसुधी नव्हती. काढता-घालता येणाऱ्या दाताला जी कडी असते, ती ज्या तारेची करतात तीच ही पोलादी तार. वाकवली तर वाकते, पण मनातून सरळच राहते. काकांच्या स्वभावाशी तिचं चांगलं जमायचं. सुरूसारख्या दिसणाऱ्या जुनिपरचं ते बोन्साय होतं, वीतभर उंच. काकांनी चष्मा नाकावर ओढला, बारीक पक्कड घेतली आणि खोडापासून शेंड्यापर्यंत असे काही रेखीव वेढे घातले की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. बघणारी एकटी बायको होती आणि तिने बोट घातलं नाही.

"अहो, झाड आहे ते. कुणाचे पुढचे दात नव्हेत."

"वळण लावावं लागतं. तुला काय कळतंय वळणातलं?"

"मला? लग्न झाल्यापासून एकाला वळण लावतेच आहे की. लागलं का?"

काकांनी उत्तरादाखल पक्कड टेबलावर आपटली. त्यांच्या घरातल्या बहुतेक संवादांचा पूर्णविराम हाच असायचा.

तारकाका हे त्यांचं दवाखान्यातलं नाव. दातांच्या दवाखान्याच्या मागे, जिन्याखालच्या खोलीत त्यांचं टेबल. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, गुलाबी पावडरीचा डबा, आणि ती पावडर कालवायच्या रसायनाचा डोक्यात भिनणारा वास. वेड्यावाकड्या दातांच्या पोरांसाठी टाळूला बसणारी प्लेट करायची, तिला तारा लावायच्या, मधोमध एक इवलासा स्क्रू बसवायचा. घरी आईने किल्लीने तो फिरवायचा, आठवड्यातून एकदा, पाव फेरा. "रविवार म्हणजे रविवार," काका प्रत्येक आईला बजावायचे. "पोरगं रडलं तरी पाव फेरा. दया केलीत तर दात जागचा हलणार नाही." आया घाबरून माना हलवायच्या, पोरं रडायची, आणि दात मुकाट्याने रांगेत यायचे. दुसऱ्यांच्या दातांवर जगलेला हा माणूस स्वतः मात्र दातओठ खात जगला. हाताखाली आलेला एकही सहायक टिकला नाही. एकाने तर जाताना जेवणाचा डबासुद्धा नेला नाही.

आता झाड आलं कुठून, ते सांगायला हवं, कारण रागाचं मूळ तिथे आहे.

थोरले डॉक्टर निवृत्त झाले आणि दवाखाना त्यांच्या मुलाकडे, धाकट्या डॉक्टरांकडे आला. हा धाकटा लहानपणी सशासारख्या दातांचा होता. त्याचे ते दोन दात तारकाकांच्या प्लेटने आत गेले. त्यामुळे धाकटे डॉक्टर हसले की काकांना दुप्पट राग यायचा: एकतर माणूस आवडायचा नाही, आणि वर त्याचं हसू आपल्याच हातचं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं. केक होता. डॉक्टर म्हणाले, "आता तोंडाचं स्कॅन होतं, पारदर्शक साचे बाहेरून बनून येतात. तारेचं काम आता फारसं उरणार नाही. काकांनी आपल्यासाठी खूप केलं. आता त्यांनी जरा स्वतःला वेळ द्यावा. पुढच्या महिन्यापासून अर्धा दिवस आलात तरी पुरे, काका."

अर्धा दिवस म्हणजे अर्धा पगार, हे केकवर लिहिलेलं नव्हतं.

काउंटरवरच्या मुलीने टाळ्या वाजवल्या. मग डॉक्टरांनी ते झाड काकांच्या हातात ठेवलं. उथळ निळी कुंडी, वर पांढरे गोटे, मधे हे हिरवं खरखरीत ध्यान. "टेबलावर ठेवायला. बोन्साय म्हणजे संयम. पण जपा हं. नवख्यांच्या हातात ही टिकत नाहीत. माझीच दोन गेली."

काका "बरं" म्हणाले. केक खाल्ला नाही. घरी येऊन कुंडी टीव्हीशेजारी ठेवली आणि बायकोला म्हणाले, "हे झाड मेलं ना, तर तो दात काढून म्हणेल, म्हाताऱ्याच्या हातात आता काही उरलं नाही. म्हणून हे मरणार नाही. त्याच्या नाकावर टिच्चून जगवून दाखवतो."

"झाडाला माहीत आहे का, ते कुणावरच्या रागाने जगायचंय ते?" बायकोने विचारलं.

पहिले काही दिवस झाड रोज सकाळ-संध्याकाळ पेलाभर पाण्यात डुंबलं. मग दुसऱ्या गावी नोकरीला असलेल्या लेकीचा फोन आला. तिने कुठेतरी वाचलं होतं. "बाबा, ते घरात नसतं ठेवायचं. ऊन लागतं, वारा लागतो. आणि रोज पाणी नको. माती वरून सुकली की मगच."

"मग त्या गाढवाने टेबलावर ठेवायला म्हणून कशाला दिलं?"

"मला नका ना ओरडू. मी दिलंय का?"

माती सुकली का ते बघायला काकांनी गोटे उचलायला घेतले, तर ते उचलेनात. गोंदाने चिकटवलेले! काकांच्या डोक्यात अशी तिडीक गेली की विचारू नका. जी माती बोटाला लागत नाही, तिला पाणी कसं लागणार? त्यांनी प्लास्टर फोडायची छिन्नी आणली आणि गोटे एकेक करून उडवले. त्यातला एक आरशाला लागला. आरसा तडकला, त्याचंही खापर धाकट्या डॉक्टरांवर फुटलं. मग झाड गॅलरीत गेलं, सकाळचं ऊन खाऊ लागलं. बोट मातीत खुपसून बघायचं, कोरडं लागलं तरच खालून पाणी झिरपेपर्यंत घालायचं, हे काका शिकले. शिकण्यात हा माणूस कधी मागे नव्हता. शिकवणाऱ्यांचाच तेवढा राग यायचा.

आणि तार होतीच. दर रविवारी, न चुकता, काका पक्कड घेऊन गॅलरीत बसायचे आणि वेढे आणखी जरासे आवळायचे. पाव फेरा.

दिसायला मात्र झाड झकास झालं. मुख्य फांदी डावीकडे झोकात वळली, शेंडा वाऱ्यात कलल्यासारखा. एक दिवस काकांनी ते पिशवीत घालून दवाखान्यात नेलं आणि थेट काउंटरवर मांडलं. दात दाखवायला आलेल्या एका चिमुरडीने आईचा पदर ओढला, "आई, याला पण प्लेट?" डॉक्टर बाहेर आले, वाकून बघितलं. "वा, काका! मानलं."

काका फक्त "हं" म्हणाले. घरी जाताना मात्र ते बसच्या दोन थांब्यांचं अंतर चालत गेले, पिशवी छातीशी धरून.

पुढे काही महिन्यांनी त्या झोकदार फांदीचा रंग बदलला. तपकिरी नव्हे. हिरवाच, पण विझलेला, वर धूळ बसल्यासारखा. काकांनी ती फडक्याने पुसली. रंग तोच. मग त्यांनी घरात चौकशी आरंभली.

"तू कपड्यांचं पाणी टाकलंस यात?"

"मी तुमच्या झाडाकडे बघतसुद्धा नाही. बघितलं तर म्हणाल, नजर टाकली."

"मग काय माझ्यामुळे झालं?"

"मी असं म्हटलं का?" बायको भांडी पुसत म्हणाली. तिने म्हटलं नव्हतं. म्हणूनच काकांना जास्त लागलं.

उरलं खत. खत गावाबाहेरच्या रोपवाटिकेतून आणलेलं. काका कुंडी घेऊन तिथे पोचले. रोपवाटिकेच्या बाई गुडघ्यावर बसून रोपं बदलत होत्या, हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. गिऱ्हाइकं बरीच होती. काकांनी आवाज चढवला, "भेसळीचं खत विकता, लाज वाटत नाही? झाड मारलंत माझं!"

बाई उठल्या. खताविषयी चकार शब्द बोलल्या नाहीत. कुंडी फिरवून बघितली.

"याचा गळा कुणी आवळलाय?"

"गळा नाही, तार आहे. वळणासाठी."

"ही झाडाची तार आहे? झाडाला मऊ तार लावतात, ॲल्युमिनियमची. ही कसली कडक?"

"दातांची. मी आयुष्यभर तारच वाकवतोय, मला शिकवू नका."

"दाताला लावत असाल, तिथे चालत असेल. दात सरकतो. फांदी सरकत नाही हो, जाड होते. ती जाड व्हायला लागली की तुमची तार आत घुसते. बघा, साल वर आलीय. सैल तरी करत होतात का मधून मधून?"

काकांनी कुंडी आपल्याकडे ओढली.

"आवळत होतात?" बाईंनी विचारलं. मागे उभं असलेलं एक गिऱ्हाईक फिस्सकन हसलं.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमच्यासारखे रोपं विकणारे छप्पन बघितलेत मी!" असं ओरडून त्यांनी कुंडी उचलली आणि तडक निघाले. पाठीमागून बाई एवढंच म्हणाल्या, "फांदी नखाने खरवडून बघा. आत हिरवं असेल तर जिवंत. जुनिपर लबाड असतं, मेलं तरी कितीतरी दिवस हिरवं दिसतं."

दुपार होती. आता अर्ध्या दिवसामुळे काकांच्या दुपारी रिकाम्याच असायच्या. गॅलरीत बसून त्यांनी फांदी नखाने खरवडली. आत कोरडं, तपकिरी. आणखी वर खरवडलं. तेच. खोडावर हलकेच नख लावलं. ओलं, पोपटी हिरवं.

सगळं झाड मेलं नव्हतं. नेमकी ती फांदी मेली होती, जिचं सगळ्यांनी कौतुक केलं. आणि तिला मारणारा हात स्वच्छ दिसत होता. त्याच्या बोटांना पक्कडीचे घट्टे होते.

इतकी वर्षं राग काढायला कुणी ना कुणी हाताशी असायचं. आज समोर कुणीच नव्हतं. काकांनी तारेचं टोक पकडलं आणि रागारागाने उलट फिरवून ओढायला लागले. कट्. बाजूची एक चांगली, जिवंत डहाळी मोडून खाली आली.

ते थांबले. मोडलेली डहाळी उचलून मांडीवर ठेवली. बायको दारात येऊन उभी राहिली.

"मी मारलं," काका म्हणाले. आवाज भांडणाचाच होता, भांडायला फक्त माणूस नव्हता.

"बाकीचं तरी सोडवा मग," ती म्हणाली आणि आपल्या शिवणकामाचा दिवा आणून शेजारी लावून दिला.

काकांनी ओढणं सोडलं. ज्या बारीक कटरने पोराच्या तोंडात हिरडीला न लागू देता तार तोडतात, तो काढला. एकेक वेढा जागच्या जागी कापायचा, तुकडा चिमट्याने उचलायचा, पुढचा. साल कुठेही सोलली गेली नाही. पण प्रत्येक तुकडा वाटीत पडताना ते शिव्या देत होते. आधी डॉक्टरांना, मग रविवारांना, मग नुसत्याच. एके ठिकाणी सालीने तार गिळून टाकली होती. ती काढायची तर खोडच फाडावं लागलं असतं. ती तशीच राहिली, अजून आहे. खोडाभोवती मात्र स्क्रूच्या आट्यांसारखा चर उमटलाय, आणि तो जायचा नाही.

दुसऱ्या दिवशी काका परत रोपवाटिकेत गेले. माफी मागायची असं रस्ताभर ठरवलं होतं. पोचल्यावर तोंडातून निघालं, "पुढे काय करायचं ते सांगा."

बाईंनी सांगितलं. काही दिवस कडक उन्हातून बाजूला. खत नको, कुंडी बदलायची नाही, कात्री लावायची नाही. "आणि तार वर्षभर हातात धरायची नाही." मग त्यांनी त्या मेलेल्या फांदीची साल चाकूने सोलून काढली. आतलं लाकूड हाडासारखं पांढरं दिसू लागलं.

"कापून का नाही टाकत?"

"राहू दे. बोन्सायवर अशी पांढरी फांदी मुद्दाम ठेवतात. तुम्हाला नको असेल तर कापा नंतर."

कापली नाही. का, ते काकांना विचारायची कुणाची हिंमत नाही.

पुढे बऱ्याच आठवड्यांनी शेंड्याला फिकट हिरवी, मऊ टोकं फुटली. काकांनी ती मोजली नाहीत, हात लावला नाही, लेकीला फोन करून फक्त "फुटलंय" एवढंच सांगितलं आणि ती आनंदाने ओरडली म्हणून तिच्यावरच खेकसले. दवाखान्यात धाकट्या डॉक्टरांनी जाता जाता विचारलं, "काका, झाड आहे ना अजून?"

काकांनी हातातलं काम ठेवलं. "आहे. एक फांदी मी मारली, माझ्या चुकीने. बाकीचं जिवंत आहे." एवढं वाक्य जमवायला त्यांना किती दात चावावे लागले असतील ते त्यांनाच ठाऊक. डॉक्टरांच्या कानाला फोन लागला होता. ते "छान, छान" म्हणून पुढे गेले. त्या रागात काका दिवसभर कुणाशी एक अक्षर बोलले नाहीत.

रोपवाटिकेच्या बाईंनी सल्ल्याचे पैसे घेतले नव्हते. पण त्या बोलताना खोटा दात टकटक वाजतो, त्याची कडी सैल आहे, हे काकांच्या कानाने केव्हाच हेरलं होतं. एकदा माती आणायला गेले तेव्हा ते म्हणाले, "तो दात घेऊन या दवाखान्यात. कडी घट्ट करून देतो. पैसे नकोत."

बाई हसत सुटल्या. "तुम्ही? घट्ट? नको हो काका. मला माझा जबडा अजून लागतो."

काका तणतणत घरी आले. "फुकट देतोय तर दात काढतात लोक!"

तेव्हापासून ते दर थोड्या दिवसांनी काही ना काही निमित्त काढून तिथे जातात आणि दारातूनच विचारतात, "आणता का?" बाई म्हणतात, "बघू." दात टक् करून वाजतो. काका मातीची पिशवी उचलतात आणि दात चावत बसथांब्याकडे चालू लागतात.