तोटीवरचे कुंकू

पनवेलला आमचा नांगराचे फाळ आणि बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा घडवायचा लहान कारखाना होता. एकोणीसशे साठ साल उलटल्यावर तिथे कोळसा जाऊन तेलाची भट्टी आली.

ती पेटवण्याचा क्रम मी फळ्यावर लिहून टांगला होता. आधी पंखा लावून आतली कोंदलेली हवा काढायची. मग रॉकेलात भिजवलेला पेटता काकडा तेल फवारणाऱ्या तोटीपुढे धरायचा. तेलाचा कॉक, म्हणजे चावी, सर्वांत शेवटी उघडायची. आठवड्यातून एकदा तोटी काढून तिचे भोक तांब्याच्या तारेने साफ करायचे. भोक बुजले की तेल फवारत नाही, ठिबकते. झालेल्या कामापुढे मी खडूने खूण करत असे.

त्या वर्षी खंडेनवमीला सकाळी तोटी साफ झाली, मी खूण केली. मग पूजा. सगळ्या अवजारांना हळदकुंकू वाहिले. तोटीच्या तोंडावर ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा मीच लावला. पुजलेल्या अवजाराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, ही आमची रीत. तेवढ्या वेळात तो टिळा वाळून भोकात घट्ट बसला.

दसऱ्यानंतरच्या सकाळी भट्टीवाल्याने काकडा धरला. तो उरणकडचा, मिठागरातून आलेला, वयाने माझ्याएवढा. ज्योत फुरफुरली आणि विझली. त्याने कॉक बंद केला.

"भाऊ, तोटी काढून बगतो."

"नवमीलाच साफ केलीय. खूण दिसत नाही?"

"खूण फळ्यावर हाय. तेलाला वाचता येतं का?"

बाकीचे हसले. मला ते लागले. "पेटव," मी म्हणालो.

त्याने काकडा पुन्हा आत नेला. ठिबकून विटांवर साचलेल्या तेलाच्या वाफेने एकदम पेट घेतला, जाळ भट्टीच्या तोंडातून बाहेर आला. त्याचा चेहरा समोरच होता.

दवाखान्यात अकरा दिवस त्याच्या डोळ्यांवर पट्टी होती. मी रोज जायचो, पण तोटीत काय सापडले ते सांगत नव्हतो. पट्टी सोडली तेव्हा उजव्या डोळ्याला खिडकी दिसली. डाव्याला काहीच नाही. त्या दिवशी मी सांगितले.

तो म्हणाला, "पूजा केलीत, ते वाईट नाय. मला बगू दिलं नायत."

मी त्याला गोदामातले बसून करायचे काम देऊ केले. तो आला नाही. मिठागरात परत गेला. भर उन्हात, त्या पांढऱ्या चकाकीत, उरलेला डोळा बारीक करून तो मीठ ओढतो, असे त्याच्या गावचे लोक सांगत.