उघडीचा वाटा

पेणच्या खाडीकाठी ज्यांची भातशेती आहे, त्यांच्या दारात समुद्र दिवसातून दोनदा येतो. त्याला अडवतो तो मातीचा बांध, आणि बांधातलं फाटक म्हणजे उघडी. दगडी खोबणीत एकावर एक सरकवलेल्या लाकडी फळ्या, एवढंच तिचं यंत्र. ओहोटीला फळ्या उचलून शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, आणि भरती यायच्या आत फळ्या टाकून फटी चिखलानं लिंपायच्या. इथे हयगय झाली की खारं पाणी आत. ते वर्ष तर जातंच, पुढेही जमीन लवकर माणसात येत नाही.

दत्तात्रेय म्हात्रे हे काम तरुणपणापासून करत आले होते. गाव त्यांना दत्तूदादा म्हणे, आणि पावसाळ्यात याहून वाईटही म्हणे. कारण खालच्या शेतांत पाणी तुंबलं की त्यांना उघडी खोलून हवी असते, वरच्यांना अजून थोडं पाणी राहू द्यायचं असतं आणि ज्याला जिताडा मासा पकडायचा आहे त्याचं गणित आणखी वेगळं. उघडीवाला कुणाचंही ऐको, दुसऱ्या कुणाचा तरी शत्रू होतोच.

म्हणून गावात एक रीत होती. उघडीवाल्याला कुणी आपल्या हातानं काही द्यायचं नाही. कापणी-झोडणी झाली की प्रत्येकानं जमिनीच्या मानानं भात आणून देवळापुढच्या एकाच राशीत ओतायचं आणि त्या राशीतून उघडीचा वाटा निघायचा. दाणे एकदा मिसळले की कुणाचे कुठले ते कळत नाही. कुणी चिडून "यंदा दत्तूला नाय देणार" म्हणायचीही सोय नव्हती. वाटा वाढवायचा का, हे गावकी ठरवी, आणि ती चर्चा निघाली की उघडीवाल्यानं उठून बाहेर जायचं. आपल्या वाट्याबद्दल त्यानं तोंड उघडायचं नाही.

दत्तूदादांनी ते कधी उघडलं नव्हतं. वाटा मात्र कित्येक वर्षं होता तिथेच होता. गावाच्या मनात वाईट नव्हतं, विषयच निघत नसे.

त्यांची मुलगी किमया वकील झाली ती रोज जिते स्टेशनवरून रोह्याला जाऊन-येऊन. रोह्याच्या कोर्टात एका वकिलांच्या हाताखाली तिनं काम केलं, परीक्षा दिली आणि दूरच्या जिल्ह्यात दिवाणी न्यायाधीश म्हणून लागली. खाडीपट्टीतल्या म्हात्र्यांची पोर कोर्टात वर बसते, हे ऐकून दत्तूदादा नुसते हसत. फुशारकी मारायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

त्याच सुमारास गावातलाच एक तरुण, प्रविण, परत आला. धाटावच्या कंपनीतली शिफ्ट सोडून त्यानं बांधाच्या आत स्वतःच्या जमिनीत कोळंबीचं तळं खोदलं. कोळंबीला खारं पाणी लागतं, आणि ते यायचा रस्ता एकच होता.

एके दिवशी तो बांधावर येऊन बसला.

"दादा, लेक साहेब झाली आनि बाप अजून चिखलात?"

"चिखलानंच तिला शिकवली," दत्तूदादा म्हणाले.

"ते व्हयच. पन तुमच्या कामाची किंमत गावाला हाय का? राशीतून निघंल ते घ्या आनि गप बसा. आमच्या कंपनीत निदान युनियन तरी व्हती." मग तो सहज बोलल्यासारखा म्हणाला, "मी देतो महिन्याला. तुमी फकस्त भरतीला फळ्या जरा सावकाश टाका. माज्या तळ्याच्या चरीपुरतं पानी येऊ द्या."

लाच हा शब्द दत्तूदादांच्या मनालाही शिवला नाही. इतक्या वर्षांनी कुणीतरी कामाचं मोल केलं, एवढंच त्यांना वाटलं. ती त्यांना पगारवाढ वाटली.

काही दिवस सगळं सुरळीत गेलं. मग भाद्रपदातलं उधाण आलं. दत्तूदादा फळ्या टाकायला नेहमीसारखेच सावकाश लागले, पण पाणी सावकाश आलं नाही. त्या जोरापुढे शेवटच्या फळ्या खोबणीत बसेनात. प्रविणची चर काठोकाठ भरली आणि शेजारच्या इंदुबाईच्या शेतात फुटली. इंदुबाई विधवा बाई, एवढ्या एका तुकड्यावर जगणारी. भात नुकतंच निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडल्या होत्या. ते आठवडाभरात लाल पडलं.

बांधावर गोळा झालेल्या लोकांनी तिथलं एक भोक शोधलं आणि ठरवून टाकलं : खेकड्यानं पोखरलं. खाडीपट्टीत खेकड्यावर कुणीही विश्वास ठेवतो. दत्तूदादा चिखलाचे हात घेऊन उभे होते. त्यांनी "नाय" म्हटलं नाही.

दिवाळीला किमया घरी आली. पडवीत बाप-लेक चहा घेत बसले होते. दत्तूदादांनीच विषय काढला.

"बाय, तुजा पगार कोन ठरवतं गो?"

"का हो आबा, कर्ज हवंय?" ती हसली.

"सांग ना."

"देतं राज्य सरकार. ठरवताना मात्र वेगळा आयोग बसतो, निवृत्त न्यायमूर्ती त्याचे अध्यक्ष. ते सगळीकडून ऐकून घेतात आणि शिफारस करतात. राज्यं म्हणतात, तिजोरीत पैसे नाहीत. मग आमची संघटना सुप्रीम कोर्टात जाते, कोर्ट दोन्ही बाजू ऐकतं, हुकूम देतं, तेव्हा कुठे सरकारचा निर्णय निघतो. मागच्या वेळी यात वर्षं गेली. काही निवृत्त न्यायाधीश वाट बघता बघता गेले."

"म्हंजे जजांचा पगार शेवटी जजच ठरवनार! आपल्याच हातानं आपल्याच पानात वाढून घ्यायचं?"

"हा टोमणा आम्हाला सगळेच मारतात. पण वाढणारा हात सरकारचाच असतो, आबा. पान मध्येच कुणी ओढून घेऊ नये, एवढं कोर्ट बघतं. माझ्यापुढे रोज सरकारविरुद्धचे दावे येतात. उद्या एखादा निकाल झोंबला आणि पगार अडला, तर पुढचा निकाल मी कसा देणार? हायकोर्टाच्या न्यायाधीशांचा पगार तर संसद कायद्यानं ठरवते. एकदा नेमणूक झाली की तो कमी करता येत नाही."

"आनि समज, एखाद्या पक्षकारानंच तुला पगार वाढवून दिला तर?"

किमयानं कप खाली ठेवला. "त्याला पगार म्हणत नाहीत, आबा."

दत्तूदादा खालच्या आवाजात म्हणाले, "इंदूच्या शेतात खेकडा नव्हता."

ती समजली. बापाचा चेहरा बघून तिला रडू येत होतं, पण ती रडली नाही.

"आबा, यावर मी काही म्हणणार नाही. मी तुमची मुलगी आहे, मला कसलं तोलता येणार? हे जिथं सांगायचं तिथं सांगा."

दुसऱ्या दिवशी ती कामावर परत गेली. दत्तूदादांनी प्रविणचे पैसे त्याच्या दारात नेऊन ठेवले. प्रविण म्हणाला, "वेडेपना करू नका, दादा. खेकड्याच्या नावावर जमा झालंय, राहू द्या. उघडी गेली तर या वयात तुमाला कोन इचारनार?" ते खोटं नव्हतं. उघडीवाला हेच त्यांचं गावातलं नाव होतं, मान होता. रात्ररात्र त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नसे.

झोडणी संपली, देवळापुढे रास पडली आणि देवळात गावकी बसली. गावकीचे वडीलधारे जनू पाटील म्हणाले, "यंदा उघडीच्या वाट्याचं बोलू. लय वर्सं झाली, तसाच हाय. दत्तू, तू जरा भायेर हो."

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते आज निघालं होतं. दत्तूदादा उठले आणि देवळामागे पिंपळाच्या पारावर जाऊन बसले. आतलं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. कुणी म्हणालं, वाढवा. कुणी म्हणालं, पण यंदा पाणी शिरलं त्याचं काय? तेवढ्यात इंदुबाईचा आवाज आला.

"वाढवा. माजं भात खेकड्यानं खाल्लं, त्यात दत्तूचा काय दोस? पावसापान्यात तो नसता तं तुमची पन शेतं गेली असती."

दत्तूदादांना पारावर बसवेना. वाट्याची चर्चा चालू असताना उघडीवाला आत आलेला गावानं कधी पाहिला नव्हता. ते आत आले तेव्हा सगळे चमकले.

"दत्तू, रीत हाय रे," जनू पाटील म्हणाले.

"ती मोडूनच आलोय. खेकडा नव्हता, काका. मी प्रविणकडून महिन्याला पैसे घेत होतो. फळ्या मीच उशिरा टाकल्या."

प्रविण खाली बघत राहिला. इंदुबाई उठून दत्तूदादांच्या समोर येऊन उभी राहिली.

"मी तुज्या बाजूनं बोलत व्हते रं. समद्यांम्होरं."

"ऐकलं मी. म्हनून तं आत आलो."

"मेल्या, तोंडानं मागितलं असतंस तं गावानं नाय म्हटलं असतं काय?"

"मागायची सोय नव्हती, इंदू." मग ते गावकीकडे वळले. "आजपासून मी उघडीवाला नाय, म्हनून बोलतो. माजा यंदाचा वाटा तिला द्या. प्रविणची चर बुजवा. आनि जो नवा येल त्याचा वाटा वाढवा. दर तीन वर्सांनी तुमी आपनहून बसा. मानूस भायेर बसलेला असतो, त्याला इसरू नका."

गावकी बराच वेळ चालली. प्रविणनं चर बुजवायची आणि इंदुबाईचं नुकसान भरायचं, असं ठरलं. वाटा वाढला, दर तीन वर्षांचंही ठरलं. नवा उघडीवाला कोण, यावर मात्र कुणी पुढे येईना. भरतीच्या वेळा सांभाळणं आता तरुणांना नको होतं.

शेवटी इंदुबाईच म्हणाली, "दुसरा तयार व्हईपर्यंत त्यालाच करू दे. शिकवू दे कुनाला तरी. पन वाट्याबिगर. आनि फळ्या टाकताना मी बांधावर उभी ऱ्हाईन."

तिच्या आवाजात माफी नव्हती. दत्तूदादांनी ती मागितलीही नाही. बाहेर ओहोटी सरत आली होती. ते देवळाच्या पायऱ्या उतरून उघडीच्या वाटेला लागले आणि थोडं अंतर ठेवून इंदुबाई त्यांच्या मागे निघाली.