दोन्ही हात मोकळे

सात नंबरएवढा हट्टी पेशंट बारामतीत दुसरा झाला नाही, आणि होऊ नये अशीच माझी इच्छा आहे. डायलिसिसच्या हॉलमध्ये माणसाला नाव राहत नाही, खाटेचा नंबर राहतो. मी सहा नंबर. आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास मशीन आपलं रक्त धुणार आणि आपण छताकडं बघत पडणार. माझ्या एका बाजूला पाच नंबरच्या बाई, पिंपळीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. दुसऱ्या बाजूला सात नंबर, इंदापूरचे, आणि त्यांच्या पलीकडं आठ नंबरचे आबा, कऱ्हाटीचे कांदे-वांगीवाले. सात नंबर मला आक्का म्हणायचे. वयानं माझ्याहून बरेच लहान, पण ऐकायचे नाहीत कुणाचंच.

मशीनला जोडायच्या आधी वजन करतात. वजन वाढलं म्हणजे घरी पाणी जास्त प्यालात, मग सिस्टर बोलते. आम्ही सगळेच थोडंफार खोटं सांगायचो, पण सात नंबर काट्याशीच भांडायचे. आधी किल्ल्या काढायच्या, मग पट्टा, मग चष्मा. एकदा तर कवळी काढून माझ्या हातात दिली आणि पुन्हा काट्यावर चढले. काटा होता तिथंच. त्यांची पेरूची बाग होती आणि किडन्या गेल्यापासून पेरू त्यांना विषासारखा. तरी प्रत्येक खेपेला एक पिकलेला पेरू घेऊन यायचे, चार तास उशाला ठेवून त्याचा वास घ्यायचे आणि जाताना सिस्टरला देऊन टाकायचे. सिस्टर म्हणायची, काका, निम्मा वास तुम्हीच संपवता.

पण त्यांचं खरं वेड हाताचं. सुया टोचता याव्यात म्हणून ऑपरेशन करून आमच्या हातातल्या दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. तिथं रक्त इतक्या जोरानं धावतं की हात सारखा घुमतो. सकाळी उठलं की हात कानाला लावायचा. घुमला तर ठीक. गप्प असला तर तो हात गेला, दुसरा शोधा. आम्ही ऐकायचो ते जीव आहे का बघायला, हे ऐकायचे सूर बघायला. जवळ एक लहान कॅसिओ असायचा. प्रत्येकाच्या हाताला कान लावायचे, एकेक पट्टी दाबून बघायचे आणि निकाल द्यायचे. आबा काळी दोन. मी काळी चार. बाईंना म्हणाले, तुमचा जरासा बेसूर हाय. बाईंनी पुढं दोन आठवडे त्यांच्याकडं पाठ करून डायलिसिस घेतलं.

तरुणपणी ते पुण्यात एका मोठ्या हॉटेलात ताटं उचलायला होते. तिथं गोव्याचा एक म्हातारा पियानो वाजवायचा. दुपारची जेवणं आटोपली की त्यानं ह्यांना शिकवलं. पुढं वडील गेले, बाग बघायला हे इंदापूरला परत आले. पियानो राहिला तिथं, वेड तेवढं बरोबर आलं. त्या वाजवण्याला जॅझ म्हणतात, हे आम्हाला त्यांनीच सांगितलं. "पाठ केलेलं वाजवायचं न्हाय. एक चाल घ्यायची, तिला घरातनं भाईर काढायची, आन् कुठं जाती ती बघत मागं मागं चालायचं."

आबा म्हणाले, "आन् ती परत घरी आलीच न्हाय तर?"

"मग आपुन बी तितंच ऱ्हायचं, आबा."

त्यांच्या सुया डाव्या हातात, त्यामुळं मशीनवर असताना तो हलवता यायचा नाही. एकट्या उजव्यानं वाजवायचे आणि कुरकुरायचे, की उजवा बोलतोय पण त्याला जाब द्यायला कुणी नाही. आम्हाला ते सगळं एकसारखंच वाटायचं. मी तर तोंडावर सांगायची, की हे काही गाणं नव्हे, पट्ट्यांवरून उंदीर पळाल्यासारखं वाटतंय. ते हसायचे आणि म्हणायचे, व्हय आक्का, पण उंदीर कुठल्या घरातला ते ऐका.

एके सकाळी त्यांचा हात गप्प झाला. डाव्या हाताच्या शिरा संपल्या होत्या. डॉक्टरांनी मशीन जोडायला तात्पुरती गळ्याजवळ नळी घातली आणि सांगितलं, आता उजव्या हाताचं ऑपरेशन करावं लागेल. काहींची बोटं त्यानंतर गार पडतात, बधिर होतात, तेही सांगितलं. आणि नळी फार दिवस ठेवता येणार नाही, तिच्यातून रक्तात विष भिनतं, हेही सांगितलं. सात नंबरांनी बोटांचं तेवढं ऐकलं, नळीचं ऐकलं नाही. डॉक्टर विचारायचे, हे म्हणायचे पुढच्या आठवड्यात. असे कितीतरी आठवडे गेले, कॅसिओ पिशवीतच राहिला.

त्यांची बायको बाहेर बाकावर डबा घेऊन बसायची. तिनं एक दिवस मला दारातच धरलं. म्हणाली, "आक्का, तुमी कुणाला बी तोंडावर बोलता. तुमचं ऐकत्याल. हात करून घ्या म्हनावं."

मी आत गेले आणि बोलले. बोटं गार पडतील पण माणूस गार पडणार नाही, असं सरळ म्हणाले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "नळी हाय म्हणून हितं पहिल्यांदाच दोन्ही हात मोकळं हायत. आज येकदा वाजवू द्या. मग तुमी म्हणाल ते. तुमी म्हणालात तर उद्या हात डॉक्टरच्या स्वादीन करतो."

मशीन सुरू झालं. त्यांनी कॅसिओ मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी वाजवलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मधेच आबांच्या मशीनची शिट्टी वाजली, तर यांनी ती शिट्टीच चालीत ओढून घेतली. सिस्टर एकेक मशीन बघत धावली, तिला कळेना खरी शिट्टी कुठली. आबा म्हणाले, आमच्या विहिरीवरची जुनी मोटार अशीच करायची, नुसती धापा टाकायची, पाणी धरायची नाही. थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाले, "धरलं." बाईंनी या खेपेला पाठ फिरवली नाही, पण डोळे गच्च मिटून घेतले. नंतर मला म्हणाल्या, मला भीती वाटली हो, पुढं काय येणार ते कुणी ठरवलेलंच नाही. दारात बायको उभी होती. ती म्हणाली, "मला ह्यातलं काय कळत न्हाय. पण वाजवताना ह्ये पाणी मागत न्हाईत, येवढं हाय."

मला काय वाटलं? कुणीतरी घरातला एकेक डबा उघडून बघतंय. काहीतरी शोधतंय, सापडत नाही, झाकण लावतंय, पुढचा डबा. आणि शेवटी न सापडताच स्वस्थ खाली बसलंय. माझे मालक गेले त्यानंतर मी पुष्कळ दिवस असेच डबे उघडायची. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

वाजवून झाल्यावर ते घामानं भिजले होते. माझ्याकडं वळले. "बोला आक्का."

बायको दारातून माझ्याकडं बघत होती. आयुष्यात मी बोलायला कधी कचरले नाही. सासूला बोलले, सरपंचाला बोलले, डॉक्टरांनाही सोडलं नाही. त्या दिवशी म्हणाले, "परवा सांगते."

परवा ते आले. मशीन लावून अर्धा तास झाला नाही तोच हुडहुडी भरली. चार ब्लँकेटं घातली तरी खाट हलत होती. दात वाजत होते, तशातही काहीतरी म्हणत होते, मला कळलं नाही. त्यांना वरच्या मजल्यावर नेलं. चौथ्या दिवशी गेले.

आता सात नंबरवर नरसिंहपूरचा एक गृहस्थ असतो. मोबाइलवर बातम्या लावतो, मोठ्यानं. आबा त्याला एकदा म्हणाले, तुमचा हात जरा बघू, आणि कान लावून बसले. मग म्हणाले, आपल्याला यातलं काय कळत न्हाय बाबा.

जुन्या सात नंबरांची बायको एकदा डब्यातून पेरू घेऊन आली. सिस्टरला दिले आणि माझ्या खाटेपाशी येऊन उभी राहिली. रडली नाही. विचारलं, "आक्का, परवा तुमी काय सांगणार व्हता?"

हात करून घ्या, असं सांगणार होते, हे म्हणायला सोपं होतं. तिलाही तेच ऐकायचं असेल. मी म्हणाले, "ठाऊक न्हाय गं." तिनं मान हलवली आणि डबा उचलून गेली.

सकाळी उठले की मी हात कानाला लावते. काळी चार म्हणजे काय ते मला आजही कळत नाही. पूर्वी घुमतोय एवढं बघून लगेच हात खाली घ्यायची आणि चहाचं आधण ठेवायची. आता थोडा वेळ तसाच ठेवते.